ठमीची लिफ्ट

५ मे, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद त्या त्या वेळी ठेवली नाही की पुढे लोक विचारतात, हे तुम्ही कसं केलंत, आणि आपल्याला आठवत नाही.

काम: ठमीचं इंजिन.

ठमी ही सासऱ्यांची गाडी. गोल पाठीची. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाणी नाही, सगळं हवेवर थंड होतं. हिने (म्हणजे बायकोने) याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकताना माहेरचं फाटक पाडलं होतं. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्या असताना दोघं दर रविवारी ठमीतून नदीच्या पुलापर्यंत जात, पुलावर थांबून थर्मासमधला चहा पीत आणि परत येत. त्या गेल्यावर सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं. आता वर्षअखेरीला ते मेहुण्याकडे कायमचे राहायला चाललेत. विमानाने जावं लागतं इतकं लांब. म्हणून मागच्या महिन्यात ठमी आमच्याकडे आली. किल्ली हातात देताना एवढंच म्हणाले, की मी जायच्या आधी एकदा तिच्यातून पुलापर्यंत नेऊन आणा.

मी म्हणालो, एकदा काय, दर रविवारी नेतो.

गाडी उत्तम चालते. फक्त मागून टिकटिक येते, शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवत असल्यासारखी. इतकी वर्षं सासऱ्यांनी ती कशी खपवून घेतली कळत नाही. इंजिन उतरवायचं, टिकटिक काढायची, परत बसवायचं. एका रविवारचं काम.

१२ मे, रविवार. दुपारी

मिस्त्री आले. सकाळी येतो म्हणाले होते, कुठल्या सकाळी ते म्हणाले नव्हते. म्हणून आठवडा गेला.

मिस्त्रींचं गॅरेज आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. माणूस बोलघेवडा. हात कमी चालतो पण बोलताना डोळे चमकतात, म्हणून मला आवडतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी एकदा असंच इंजिन अशा काही चालीवर आणलं होतं की गाडी गल्लीत मावेना. ती गाडी आता कुठे आहे असं हिने विचारलं. मिस्त्रींनी पाणी मागितलं.

इंजिन चार बोल्टांवर असतं. जेवायच्या आत खाली आलं. टिकटिक म्हणजे टॅपेटची ढिलाई, मोटारीखाली निजून अर्ध्या तासात काढता येते असं मिस्त्री म्हणाले. पण तोपर्यंत इंजिन जमिनीवर आलेलं होतं. आणि उतरवलंच आहे तर उघडून बघावं. आणि उघडलंच आहे तर कॅम बघावा.

बघितला. काहीही खराबी नाही. मिस्त्रींनी तो हातात तोलला आणि म्हणाले, हा म्हाताऱ्याचा कॅम आहे, साहेब. तुम्हाला शोभत नाही.

मला माणसं हरभऱ्याच्या झाडावर चढवू शकत नाहीत. पण खरं ते खरं.

१३ मे, सोमवार. ऑफिसात

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (ही नोंद कुणी वाचणार नाही, तरी): कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक दांडा. त्याला उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटे टॅपेट नावाच्या छोट्या खुंट्या ढकलतात आणि त्यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतात. किती उघडतात त्याला म्हणतात लिफ्ट. किती वेळ उघडे ठेवतात ते ड्युरेशन. दोन्ही वाढवलं की ताकद वाढते. गाडीचा सगळा स्वभाव या एका दांड्यात असतो.

कॅटलॉग वाचला. एक नंबर: रोजच्या वापरासाठी. दोन नंबर: रोजच्या वापरासाठी, थोडा चपळ. चार नंबर: उत्साही चालकासाठी. सहा नंबर: फक्त शर्यतीसाठी, रस्त्यावर वापरू नये. तीन आणि पाच का नाहीत माहीत नाही.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, मी कोण? उत्तर: उत्साही.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली की मागच्या महिन्यात हायवेवर आपल्याला ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं होतं. तिथे उतार होता. ते मी सांगितलं.

निर्णय पक्का. चार नंबर.

१९ मे, रविवार

चार नंबर मागवणार होतो, पण त्याला जुने कार्बोरेटर पुरत नाहीत. मोठे दोन लागतात. मोठे कार्बोरेटर लावले की जुना सायलेन्सर घुसमटतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक हव्यात. मिस्त्री म्हणाले, मग गिअरबॉक्सही बघून घेऊ.

मी नियोजन विभागात काम करतो. अशा गोष्टींनी गांगरत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक तक्ता केला. साहेब मागून बघून गेले आणि म्हणाले, छान, अशी चिकाटी तिमाही अहवालात दिसू दे.

जुना कॅम आमच्या घरच्या गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून लावला. ते दार वाऱ्याने आपटतं. कॅमला आधी तेल पाजलं. जुन्या वस्तूंचा मी मान ठेवतो.

टॅपेट आठ होते, ते खोक्यात टाकले होते. हिने ते काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडले, आणि कुठला कुठून निघाला ते मला विचारून प्रत्येकाखाली आकडा घातला. मी म्हणालो, ते आता लागणार नाहीत. ही म्हणाली, असू देत, पसारा दिसतो.

२ जून, रविवार

गिअरबॉक्स उतरवला. मागची चाकं काढली. मग मिस्त्री म्हणाले पुढचीही काढू, ब्रेक बघून घेऊ. ठमी आता चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, मांडीइतकी उंच. हे तात्पुरतं आहे.

हवेवरच्या गाड्यांचा आमचा एक ग्रुप आहे. नाव ‘हवेवरची माणसं’. मी तिथे आज प्रश्न टाकला: चार की सहा? दुपारपर्यंत इतकी उत्तरं आली की ऑफिसचं कुठलंही पत्र इतकं वाचलं गेलं नसेल. बहुमत सहाला. ज्यांच्याकडे गाडी नाही ते तर सगळेच सहाच्या बाजूने.

ग्रुपमध्ये एक दातांचे डॉक्टर आहेत. ठमीसारखीच गाडी, आत कंपनीचा मूळ कॅम. दर रविवारी पन्नासच्या स्पीडने कुठेतरी जातात आणि झाडाखाली उभी केलेली गाडी फोटोत दाखवतात. दर रविवारी तेच झाड. मला त्यांची कीव येते. त्यांनी खासगीत लिहिलं, तुम्हाला गाडी नेमकी कुठे न्यायची आहे?

प्रश्नच कळला नाही. उत्तर दिलं नाही.

३ जून, सोमवार

निर्णय अंतिम. सहा.

२३ जून, रविवार. सकाळी

सहा रद्द. रस्त्यावर वापरू नये असं लिहिलेलं आहे आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. शिवाय व्हिडिओत ऐकलं, सहावाली गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते.

पण चारवालीचा आवाज. गाडी उभी असताना इंजिन आपलं आपण हळू फिरतं त्याला आयडल म्हणतात. साध्या गाडीत तो एकसारखा असतो, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. चारवाली अडखळते. घड घड, थांबते, घडड घड. मोठं जनावर झोपेत कूस बदलतं तसं. तो तुकडा मी परत परत लावला. ही आतून म्हणाली की गाडी बिघडली आहे वाटतं कुणाची तरी.

यापुढे घरात इयरफोन.

१४ जुलै, रविवार. संध्याकाळी ६

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

सासऱ्यांचा फोन आला. हिला नाही, मला. एरवी ते माझ्याशी हवामानापलीकडे बोलत नाहीत. आज थेट विचारलं, “जावईबापू, लिफ्टचं कुठवर आलं?”

मला भरून आलं. या घरात इतके दिवस लिफ्ट हा शब्द काढला की माणसं उठून दुसऱ्या खोलीत जातात, आणि ऐंशी उलटलेल्या या माणसाला तिची चौकशी करावीशी वाटली. मी काही हातचं राखलं नाही. चारची लिफ्ट किती, सहाची किती, मधला फरक डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक असला तरी गाडीच्या अंगात कसा भिनतो, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये बहुतेक फोन बाजूला ठेवून दाराची कडी काढून आले, पण मी धागा सोडला नाही.

शेवटी म्हणाले, “मला फार नको हो. थोडीशी दिलीत तरी पुरे.”

जुन्या पिढीचं हे असं. सगळं थोडक्यात भागवायचं. मी म्हणालो, बाबा, द्यायची तर भरपूर, नाहीतर देऊच नये. त्यावर म्हणाले, बरं, तुम्हाला जमेल तसं.

हिला सांगितलं की बाबांचा आणि माझा सूर आता जुळला. हिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

११ ऑगस्ट, रविवार

घोडं अडलंय ते एवढ्यावरच: चार, की चारचाच सुधारित प्रकार, ज्याला चार-अ म्हणतात. चार-अ मध्ये लिफ्ट जास्त, ड्युरेशन तेवढंच. ग्रुपवर मतदान घेतलं. बरोबरी झाली. बरोबरी मोडण्यासाठी दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले एक नंबर घाला आणि फिरायला जा. मत बाद धरलं.

हिने आज विचारलं की या महिन्यात बाबांना नेता येईल का. मी म्हणालो सप्टेंबर. मागच्या महिन्यात ऑगस्ट म्हणालो होतो असं ही म्हणाली. मी म्हणालो, नियोजनात टप्पे पुढे सरकतात, शेवट तोच राहतो.

“बाबांना पुलापर्यंत जायचंय,” ही म्हणाली. “तुम्ही कुठवर निघालात?”

रागावली आहे. डेडलाइनचा ताण घरातल्यांवरही येतो.

१५ सप्टेंबर, रविवार

निर्णय अंतिम (सुधारित). चार-अ. आज ऑर्डर दिली. फॉर्म भरताना स्वतःचा पत्ता दोनदा चुकला. लग्नाच्या वेळी इतकं झालं नव्हतं, पण तेव्हा निवड दोन्हीकडच्यांनी केली होती.

६ ऑक्टोबर, रविवार

कॅम आला.

किती सुंदर वस्तू आहे. काळसर, तेलात न्हालेला. जेवणाच्या टेबलावर ठेवला. हिने उचलून ओट्यावर ठेवला. मी उचलून परत टेबलावर. शेवटी खिडकीत ठेवायचं ठरलं.

मिस्त्री बघायला आले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. अशी माणसं आता कमी राहिलीत.

जोडणी कधी, असं विचारल्यावर म्हणाले, उद्या सकाळी.

३ नोव्हेंबर, रविवार

आज ती सकाळ उगवली.

१७ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३

इंजिन जोडून झालं. गाडीत चढवायच्या आधी स्टँडवर सुरू करून बघायचं ठरलंय. मिस्त्रींची स्वतःची पद्धत. त्यांच्या मते इंजिन आधी जमिनीवर हसवावं, मग गाडीत घालावं.

दातांच्या डॉक्टरांचा आपणहून फोन. कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाले, नवा कॅम आहे, पहिल्यांदा सुरू केलात की आयडलवर बिलकूल ठेवू नका. सुरू होताक्षणी रेस वर घ्या आणि वीस मिनिटं खाली येऊ देऊ नका. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांना घासून बसायचे असतात, हळू फिरवलं तर त्यांच्यापर्यंत तेल पुरत नाही आणि उंचवटे झिजून जातात.

आभार मानले. दातांचा माणूस आहे, सगळीकडे झीजच दिसणार.

निश्चय: रेस वर घ्यायची. वीस मिनिटं. मिस्त्रींनाही सांगितलं. ते म्हणाले, हे मला सांगता?

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

सुरू झालं. पहिल्याच चावीत.

मिस्त्रींनी रेस वर घेतली. आवाज इतका, की वरच्या मजल्यावरचे शेजारी बाल्कनीत आले. मी नीट ऐकू लागलो. पण रेसमध्ये सगळ्याच गाड्या सारख्या ओरडतात. त्यात चार-अ कुठे आहे? जे ऐकण्यासाठी सहा महिने घालवले ते तर रेस सोडल्यावरच ऐकू येणार. आणि तिकडे ग्रुपवर सगळे व्हिडिओची वाट बघत बसलेले.

मिस्त्रींना म्हणालो, एक क्षण खाली घ्या. मिस्त्री म्हणाले, मीही तेच म्हणणार होतो.

घड घड. थांबलं. घडड घड.

मी तो आवाज कधी विसरणार नाही. मिस्त्रींनी डोळे मिटले. मी व्हिडिओ घेतला. एका बाजूने घेतला, मग दुसऱ्या बाजूने, मग खालून. मग हिला बोलावून आम्हा दोघांचा इंजिनासोबत घ्यायला लावला. ही म्हणाली, झालं का? मी म्हणालो, अजून एक आडवा.

पुढच्या रविवारी सासरे. पूल. भरपूर लिफ्ट.

संध्याकाळी ५

व्हिडिओला न भूतो असा प्रतिसाद. फक्त दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, हा किती मिनिटांनंतरचा आहे? काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी, ऑफिसला जायच्या आधी

पुन्हा सुरू करून बघितलं. आयडल आणखी सुंदर झालाय. आता तीनदा थांबून एकदा घड करतो. कार्बोरेटरमधून मधूनमधून फट्ट असा आवाज. जिवंतपणा.

टिकटिक मात्र परत आली आहे, पहिल्यापेक्षा मोठी. गरम झाल्यावर जाईल.

तेल बघितलं. तेलात चंदेरी चमक आहे, फार देखणी. नव्या इंजिनाचं तेज असावं. ग्रुपवर फोटो टाकला.

संध्याकाळी

ग्रुपवर कुणी काही बोलत नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही तेसुद्धा.

१ डिसेंबर, रविवार

इंजिन उघडलं. कॅमचे उंचवटे उंच राहिले नाहीत. दोन तर बोट फिरवलं की गोल लागतात. ती चंदेरी चमक म्हणजे तेच उंचवटे, तेलात मिसळलेले. आता ते सगळीकडे गेलेत. बेअरिंगही ओरखडलेत. सगळं इंजिन धुऊन, घासून, नव्याने करावं लागणार.

मिस्त्री म्हणाले की कॅमच हलका निघाला. मीही म्हणालो, हलका निघाला.

मशीन शॉपला फोन केला. डिसेंबरात काम घेत नाहीत, जानेवारीत या म्हणाले. दुसऱ्याला केला. तोही तेच म्हणाला.

हिला सांगितलं. वाटलं होतं आता तोंडाचा पट्टा सुटेल. ही भांडी घासत होती, ती घासत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर, रविवार

उपाय सुचला. दातांच्या डॉक्टरांची गाडी एका दिवसापुरती मागायची. तसाच आकार, तसाच रंग. सासऱ्यांच्या डोळ्यांना कळणारही नाही.

हिला विचारलं. ही म्हणाली, बाबा त्या गाडीत बसतीलही, आणि पुलापर्यंत गप्प बसून परत येतील.

डॉक्टरांना फोन केला नाही.

२२ डिसेंबर, रविवार. दुपारी ४

सासरे आले होते. निरोपाचं जेवण. पुढच्या रविवारी विमान.

जेवताना गाडीचा विषय कुणी काढला नाही. मी हवामानाबद्दल बोललो. जेवण झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, ठमीला बघून येतो. मी म्हणालो, बाबा, तिकडे फार पसारा आहे. तोवर ते गॅरेजच्या दाराशी पोचले होते. जुना कॅम त्यांनी पायाने बाजूला सरकवला.

ठमी जूनपासून होती तशीच ठोकळ्यांवर. चाकं नाहीत, मागे इंजिनाच्या जागी भगदाड. सासऱ्यांनी तिच्या दारावरून हात फिरवला आणि हाताची धूळ पँटला पुसली. मग हिला म्हणाले, स्टूल आण.

हिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. त्यावर पाय देऊन, माझ्या खांद्याला धरून, ते चढून ड्रायव्हरच्या जागी बसले. ही दुसऱ्या बाजूने चढली आणि शेजारी बसली, सासूबाई बसायच्या तिथे. जेवणानंतरचा चहा थर्मासमध्ये होता. तिने तो सोबत घेतला होता हे मी तेव्हा बघितलं. दोघांनी झाकणातून आळीपाळीने चहा घेतला. मी खाली उभा. माझं डोकं त्यांच्या दाराच्या काचेच्या खालपर्यंत येत होतं.

सासऱ्यांनी स्टिअरिंग फिरवलं. चाकंच नाहीत म्हटल्यावर ते अगदी सहज फिरलं. म्हणाले, स्टिअरिंग हलकं झालंय. मी म्हणालो, हो, ते बघून घेतलं.

मग काच खाली करून त्यांनी माझ्याकडे वाकून बघितलं.

“जावईबापू,” म्हणाले, “लिफ्ट मागितली होती. इतकी उंच नको होती.”

स्वतःच हसले. मीही हसलो. आणि मध्येच थांबलो, कारण जुलैमधला फोन आठवला. लिफ्टचं कुठवर आलं. फार नको. थोडीशी दिलीत तरी पुरे.

त्यांना पुलापर्यंतची हवी होती. मी अर्धा तास मिलिमीटर सांगत होतो. द्यायची तर भरपूर, नाहीतर देऊच नये, असंही वर म्हणालो होतो.

मला फार वाईट वाटलं. ते फक्त इथे लिहितो. उतरताना त्यांना नीट धरलं. फार हलके झालेत.

२९ डिसेंबर, रविवार

सासऱ्यांना टॅक्सीने विमानतळावर सोडलं. टॅक्सी पुलावरूनच जाते. ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगू का, असं मी विचारलं.

म्हणाले, नको, मागे गाड्या आहेत.

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ८

नववर्षाचे निश्चय: कॅटलॉग बंद. ग्रुप सोडला. कधी ना कधी हे सुटणारच होतं.

सकाळी १०

ग्रुपमध्ये परत गेलो, कारण ऑइल पंपाबद्दल एक गोष्ट विचारायची होती. कॅमबद्दल चकार शब्द काढला नाही. एकाने पाच नंबर नवीन निघाल्याचं कळवलं. वाचलं. फक्त वाचलं.

१२ जानेवारी, रविवार

मिस्त्रींनाही पाच नंबरबद्दल कळलंय. खुर्ची घेऊन आले होते. डोळे चमकत होते.

ही चहा घेऊन आली. सोबत अंड्यांचा ट्रे आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. आठ टॅपेट, पुसलेले, आकड्यांनुसार. मग दाराजवळ जाऊन जुना कॅम उचलला, पदराला पुसला आणि ट्रेशेजारी ठेवला. आणि आत गेली.

मिस्त्री म्हणाले, म्हाताऱ्याचा कॅम आहे, साहेब.

मी म्हणालो, हो. म्हाताऱ्याचीच गाडी आहे. घाला.

हा निर्णय पक्का की अंतिम ते लिहीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

ठमी जमिनीवर.

मशीन शॉपमधून धुऊन-घासून आलेलं इंजिन, जुना कॅम, जुने टॅपेट, जिथले तिथे. जुनेच कार्बोरेटर. मोठे दोन माळ्यावर ठेवलेत, ते कधी ना कधी उपयोगी पडतील. आयडल एकसारखा. त्यात ऐकण्यासारखं काही नाही.

ही चालवायला बसली. फाटक मी आधीच पूर्ण उघडून ठेवलं होतं. पुलावर गेलो. ट्रॅक्टर मागून आला आणि पुढे गेला. उतार नव्हता.

पुलावर गाडी कडेला घेऊन, इंजिन चालू ठेवून, हिने सासऱ्यांना फोन लावला आणि फोन मागच्या झाकणाजवळ धरला. टिकटिक तशीच आहे. जी काढायला मी इंजिन उतरवलं होतं, तीच. मिस्त्रींनी ढिलाई दोनदा नीट केली, तरी राहिली. मी ओशाळून फोन घेतला आणि म्हणालो, बाबा, टिकटिक मात्र गेली नाही.

“जाईल कशी,” सासरे म्हणाले. “तुमच्या सासूबाई म्हणायच्या, ती थांबली की उतरून बघायचं. अजून जरा धरा.”

मी फोन परत झाकणाजवळ धरला. हात भरून आला तरी धरला. हिने थर्मास उघडला. पलीकडून ते फोन ठेवत नव्हते.

घरी आलो तर गॅरेजचं दार आपटत होतं. त्याला नवा चार-अ लावला. चांगला जड आहे. दार बिलकूल हलत नाही.